सही झालेला कॅम

इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षातलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर दमणं. अभ्यासाचं दमणं नव्हे. अभ्यासाला वेळ होता कुठे? लोणी काळभोरला सकाळी बस पकडायची, हडपसरच्या गाडीतळाला उतरायचं, तिथून स्वारगेट, आणि स्वारगेटहून तिसरी बस कर्वेनगरकडे. पाठीवर बॅग, एका हातात रेघा आखायचा ड्राफ्टर आणि खांद्याला शीट ठेवायचा तो लांबडा काळा नळा. गर्दीत तो नळा कुणाच्या ना कुणाच्या बरगडीत जायचाच. "अहो ताई, ती तोफ जरा खाली घेता का?" असं एकदा एक काका म्हणाले. खाली घेतली तर पायात यायची, वर धरली तर कंडक्टर ओरडायचा. शेवटी मी ती कुशीत धरून उभी राहायला लागले. वर्षभर बसमध्ये मी अशीच उभी होते.

मेकॅनिकलला मुलगी असली की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, मेकॅनिकलच का? उत्तर दिलं की जरा थांबून दुसरा, पण मेकॅनिकलच का? मी कंटाळून वेगवेगळी उत्तरं द्यायचे. कॉम्प्युटरला नंबर लागला नाही, घरच्यांनी भरलं, फॉर्मवर चुकून खूण झाली. खरं उत्तर सांगितलं असतं तर लोक हसले असते. मला ड्रॉइंग आवडायचं. रेघ काढायला आवडायचं. पेन्सिलीला नीट टोक केलेलं असावं, कागद ताठ बसलेला असावा आणि ड्राफ्टरच्या पट्टीला धरून एक रेघ सरळ निघून जावी, एवढंच. त्यातून एखादा मशीनचा भाग कागदावर उभा राहिला की मला बरं वाटायचं. दिवसभरात बरं वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

घरी मात्र मेकॅनिकलला सगळे दचकून होते. माझा मोठा भाऊ त्याच कॉलेजात, त्याच ब्रँचला होता. त्याचं वर्ष गेलं, वायडी झाला. पुढच्या वर्षी थोडे दिवस गेला आणि मग एका सकाळी उठलाच नाही. आईने हाक मारली तर म्हणाला, "मी जाणार न्हाय आता." नातेवाइकांना सांगायला एक वाक्य ठरलं: अभ्यास झेपला नाही. तेव्हापासून दादा वाघोलीच्या एका गोदामात ऑनलाइनचा माल चढवायच्या-उतरवायच्या कामावर होता. त्यामुळे मी त्याच ब्रँचला जाते म्हटल्यावर आईने तोंडाला पदरच लावला. वडील एवढंच म्हणाले, "बघ बाई, दोन्ही लेकरांचं एकच झालं असं होऊ देऊ नको." झालं. रोज सकाळी बसमध्ये चढताना ते वाक्य माझ्याबरोबर चढायचं.

आता त्या शीट्सचं सांगते. सगळं जग ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढतं, आम्हालाही ते सॉफ्टवेअर होतंच, पण मशीनच्या हालचालींचा एक विषय होता आणि त्याला हातानेच काढलेली मोठी शीट्स लागायची. सगळ्या शीट्सवर सरांची सही झाली तर टर्म ग्रँट. एकावर जरी नाही झाली तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष घरी.

आणि शीट्स कशी होतात हे कुठल्याही मेकॅनिकलवाल्याला विचारा. बॅचमधलं एखादं गाढव ती खरोखर काढतं आणि बाकीचे जीटी मारतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली दिवा लावायचा, काचेवर त्या गाढवाचं शीट ठेवायचं, वर आपला कोरा कागद चिकटवायचा आणि खालून दिसतील त्या रेघांवरून पेन्सिल फिरवायची. डोकं लागत नाही. मोबाइलवर गाणी लावून पोरं शीट उरकतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही; सीनियर्सनी असंच केलं, त्यांच्या सीनियर्सनीही असंच केलं, आणि सह्या करणारे सरही कधीतरी त्याच काचेवर वाकलेले असणार.

आमच्या बॅचचं गाढव मी होते. कुणी माझ्यावर ते लादलं नव्हतं. मला काढायला आवडायचं म्हणून मी काढायचे, आणि काढलेलं मागितलं की द्यायचे. नाही म्हणायचं कसं? बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली, मी आणि माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण. ती कर्वेनगरातच राहायची. माझी शेवटची बस चुकली की तिच्याकडेच झोपायचे, तिच्या आईच्या हातचा वरणभात खायचे. तिला शीट द्यायचं नाही असं मनातही आलं नसतं. आणि तिला दिलं की ते बॅचभर फिरणार, हेही ठरलेलंच.

शेवटचं शीट कॅमचं होतं. कॅम म्हणजे इंजिनात फिरणारा तो अंड्यासारखा तुकडा. तो फिरतो तसा त्याच्यावर टेकलेला दांडा वर जातो, थांबतो, खाली येतो. दांड्याची हालचाल दिलेली असते, त्यावरून कॅमचा आकार शोधून काढायचा. मी ते घरच्या कॉटवर प्लायवूड टाकून काढलं. पाठ मोडून आली. पण शेवटी सगळे बिंदू जोडून ती वळणदार रेघ पूर्ण झाली तेव्हा मी आईला हाक मारून दाखवली. आई म्हणाली, "भोपळा हाय का?" मी म्हटलं, हो, भोपळाच. पण छान भोपळा हाय गं, असं ती म्हणाली आणि पीठ मळायला गेली. मी कितीतरी वेळ त्या भोपळ्याकडे बघत बसले होते.

ते शीट मग नेहमीसारखं फिरायला गेलं आणि माझ्या हातात परत आलं ते थेट सबमिशनच्या शनिवारी. काय अवस्था केली होती त्याची! चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीचे लचके. एका बाजूला कुणाच्या तरी वड्याचं तेल. वरून इतक्या पेन्सिली दाबून फिरल्या होत्या की माझ्या रेघांच्या बाजूने कागदावर खाचा पडल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण रागवायलाही अंगात जीव नव्हता. तेवढ्यात नजर एका जागी गेली. कॅमच्या पोटाशी एक छोटा आर्क, म्हणजे कंपासने मारलेली गोलाची तुटकी रेघ, उगाचच राहून गेली होती. सुरुवातीला मी कंपास चुकीच्या मापावर उघडला होता, त्याची ती खूण. तिचा ड्रॉइंगशी काही संबंध नव्हता. मी पायऱ्यांवरच बसले आणि ती खोडली. खोडरबर भिकार निघालं. रेघ गेली, पण तिथे काळपट डाग पडला.

माझा नंबर येईपर्यंत दुपार झाली होती. सर सकाळपासून सह्या करून वैतागले होते. त्यांनी माझं शीट उलगडलं, चष्मा वर केला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागे वळून त्यांनी संध्याकाळी परत द्यायला ठेवलेल्या, सही केलेल्या शीट्सपैकी एक ओढलं, मग दुसरं. सगळ्यांवर तो छोटा आर्क होता. माझ्या लोकांनी मान खाली घालून तोही मनोभावे ट्रेस केला होता. एकालाही वाटलं नव्हतं की ही रेघ इथे कशाला आहे.

"सगळ्यांच्या शीटवर हा आर्क आहे," सर म्हणाले. "तुझ्यावरच नाही. तुझ्यावर डाग आहे. म्हणजे तूही याच्यातलंच कुणाचं तरी मारलंस आणि पकडली जाऊ नये म्हणून पुसलंस. हुशार आहेस."

"सर, हे माझंच आहे. बाकीच्यांनी..." एवढं म्हटलं आणि मी थांबले. बाकीच्यांनी काय? माझ्यावरून मारलं? मागे रांगेत सगळा वर्ग उभा होता. मैत्रीण दाराशी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ओरिजिनल शीट कसं असतं माहितीये का?" सरांनी त्या खाचांवरून बोट फिरवलं. "स्वच्छ असतं. हे बघ काय आहे, चिवडा खाल्लाय का याच्यावर?" आणि त्यांनी लाल पेनने माझ्या कॅमवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. "सोमवारी नवीन काढून आण. नाहीतर टर्म विसर."

मला माहीत आहे, सरांना सगळं कळत होतं. बॅच अख्खी जीटी मारते हे काय त्यांना नवीन होतं? पण सकाळपासून केलेल्या सह्या मागे कशा घेणार? एकाला तरी पकडलं म्हणजे आपण डोळे उघडे ठेवून बसलोय असं होतं. तो एक मी होते. मी काळ्या नळ्यात ते शीट घातलं आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. नुसती झोप येत होती. स्वारगेटला उतरायचं तेही कळलं नाही, कंडक्टरने उठवलं.

रविवारी सकाळी कॉटवर प्लायवूड टाकलं, कोरा कागद लावला आणि बसले. पहिलं वर्तुळ काढलं, ते डुगडुगलं. खोडलं. परत काढलं. हातच चालेना. मंगळवारपासून ओरल्स, म्हणजे तोंडी परीक्षा होत्या, वाचलं काहीच नव्हतं. परत पहिल्यापासून ते कोन, ते बिंदू, ती वळणं. आणि कशासाठी, तर एकदा बरोबर काढलेलं चोरीचं ठरलं म्हणून. मी कंपास भिंतीवर फेकला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. ती दारातच उभी राहिली, आणि तिचा चेहरा बघून मला जास्तच भीती वाटली. हा चेहरा मी ओळखत होते. दादा उठला नव्हता त्या सकाळी तो असाच होता.

दादाला त्या दिवशी सुट्टी होती. तो अंगणातून आत आला, कंपास उचलला, टोक वाकलंय का बघितलं आणि माझ्यासमोर बसला. "सांग," म्हणाला. मी सगळं सांगितलं. तो आर्क, तो डाग, ती लाल रेघ.

"सही झालेलं शीट आण कुणाचं तरी," तो म्हणाला. "त्याच्यावरून जीटी मार."

"माझंच शीट मी दुसऱ्याचं बघून मारू?"

"मग काय करतीस? भांडतीस?" तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मी भांडलोय त्याच डिपार्टमेंटला. लॅबमधलं मशीन बिघडलेलं होतं. रीडिंग येईल ते चुकीचंच यायचं. बाकीच्यांनी सीनियर्सच्या जर्नलमधून बरोबर रीडिंग उतरवली. मी आलं तेच लिहिलं. सर म्हणाले, बदलून आण. मी म्हटलं, सर, आलंय ते हे आहे. एचओडीपर्यंत गेलो. खरं होतं माझं. अगदी खरं होतं. टर्म ग्रँट झाली न्हाय."

मी म्हटलं, "तू कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? अभ्यास झेपला नाही, हे लोकांना लवकर समजतं." मग तो उठला. "तुझ्या त्या मैत्रिणीचा पत्ता दे. मी घेऊन येतो."

लोणीहून कर्वेनगर आणि परत, भर उन्हात तो बाइकवरून गेला आणि तिचं शीट घेऊन आला. तिने त्याच्याजवळ माझ्यासाठी डब्यात पोळीचा लाडूही दिला होता, आणि "सॉरी सांगा तिला" असा निरोप. दादाने टीव्हीच्या कपाटाची सरकती काच काढली, दोन स्टुलांवर टाकली, खाली बल्ब सोडला, खिडक्या लावून घेतल्या. सवयीचे हात होते त्याचे. तोही कधीकाळी बॅचमधला कुणीतरी होताच की.

काचेवर मैत्रिणीचं शीट आलं आणि खालचा उजेड लागला तसा माझा कॅम दिसायला लागला. माझाच होता, पण तिच्या हातचा. वळणावर मी जिथे रेघ किंचित हलकी सोडली होती तिथे तिने जाड केली होती. मी त्यावरून पेन्सिल फिरवायला लागले. खरंच डोकं लागत नव्हतं. पोटाजवळच्या त्या आर्कपाशी आले आणि पेन्सिल उचलली.

"तो पण काढ," दादा म्हणाला.

"दादा, तो चुकीचा आहे. माझी चूक आहे ती. त्याचा काही अर्थच नाही."

"त्याच्यावर सही आहे."

मी काढला. आयुष्यात इतका राग मला कुठल्या रेघेचा आला नसेल. माझी चूक मी ओळखली, दुरुस्त केली, आणि आता तीच चूक बघून बघून, काळजीपूर्वक, जशीच्या तशी परत काढत होते. संध्याकाळच्या आत शीट तयार झालं. कोरं, स्वच्छ, एक डाग नाही.

सोमवारी सरांनी ते टेबलावर पसरलं. त्यांची नजर आधी कुठे गेली ते मला दिसलं. आर्कवर गेली, तिथे थांबली, आणि चेहरा निवळला.

"हे बघ. याला म्हणतात स्वतःचं काम. फरक दिसतोय का तुझा तुला?"

"हो सर."

"एवढी मेहनत आधी केली असतीस तर?"

"सॉरी सर."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि थांबले. "आधीचं कुणाचं मारलं होतंस? नाव सांग, मगच सही करतो. त्यालाही कळू दे."

मागे बाकावर मैत्रीण बसली होती. बाकीचेही होते. मला कुणाचंच नाव घ्यायचं नव्हतं आणि ज्याचं घेतलं असतं ते खोटंच ठरलं असतं. ते माझंच होतं हे सांगून उपयोग नव्हता, ते शनिवारी सांगून झालं होतं. सर पेन धरून बसले होते. पंखा कागद उडवत होता, मी एका हाताने तो दाबून धरला होता.

"माझ्या भावाचं, सर," मी म्हणाले. "इथेच होता तो. मेकॅनिकललाच. त्याचं जुनं शीट घरी होतं."

"होता म्हणजे? पास आउट?"

"नाही सर. वर्ष गेलं त्याचं. मग सोडलं."

"तरीच," सर म्हणाले आणि सही केली.

दाराबाहेर मैत्रिणीने मला घट्ट मिठी मारली, बाकीच्यांनी कँटीनला चल म्हणून ओढलं. मी बस आहे म्हणून निघाले. बसमध्ये जागा मिळाली होती तरी मी बसले नाही. एकदा वाटलं, घरी काही सांगायचंच नाही. सही झाली एवढं सांगायचं, तेवढंच तर त्यांना हवं होतं.

घरी पोचले तेव्हा दादा शिफ्टला निघायच्या आधी जेवत होता. आईने मला बघूनच विचारलं, "झाली का गं?" मी मान हलवली. तिने देवाला हात जोडले, मला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. "एकाचं तरी नीट झालं," असं म्हणाली. दादाच्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली. ते आपण काय बोललो हे तिला कळलंही नाही.

"काय विचारलं का सरांनी?" दादाने विचारलं.

मी सांगितलं. आधीचं शीट कुणाचं विचारलं आणि मी तुझं म्हणून सांगितलं. वर्ष गेल्याचंही सांगितलं. सर काय म्हणाले तेही. खाली बघूनच सगळं बोलले.

त्याने हातातला घास भाजीत बुडवला. मग खाल्ला. "बरं केलंस," म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं सांगितलं असतंस तर त्याचं बिघडलं असतं. माझं तिथं काय राहिलंय बिघडायचं?"

त्यावर मला जे रडू फुटलं ते थांबेचना. शनिवारी आलं नव्हतं, रविवारी आलं नव्हतं, ते सगळं आलं. माझं खरं शीट मी चोरीचं म्हणून कबूल केलं होतं, आणि ज्याने एक खोटं रीडिंग लिहायला नकार दिला त्यालाच त्या चोरीत गोवून आले होते, आणि तो मला बरं केलंस म्हणत होता. आई घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. "अगं, सही झाली न्हवं? मग रडतीस कशाला?"

दादा ताटावरून उठला. हात धुतले, टॉवेलला पुसले, गोदामाचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं.

"दमलीय ती, आई," तो म्हणाला. "झोपू दे तिला."